पोत्यावरचा नंबर

गेली अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासते आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तीन तालुक्यांत हळद आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकरी गटांची मी अंतर्गत निरीक्षक. प्रमाणीकरण संस्थेचा बाहेरचा निरीक्षक वर्षातून एकदा येतो, नमुन्याला काही शेतं बघतो आणि जातो. त्याच्याआधी गटातल्या प्रत्येक शेतावर वर्षातून दोनदा जायचं, वही वाचायची, औषधाची खोली उघडून पाहायची, आजूबाजूच्या शेतात काय फवारलं जातंय याची विचारपूस करायची, हे माझं काम. कागदावर मी निरीक्षक, गावात मात्र ताई.

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली, २०३० सालापर्यंतची. भूक, आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, पाणी, कष्टाला योग्य मोल, जबाबदार उत्पादन. त्यांच्या रंगीत चौकोनांचं पोस्टर आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लागलं तेव्हा मला ते फार लांबचं वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की परदेशातला मसालेवाला आणि आमच्या बांधावरची बाई यांना जोडणारी एक साखळी खरोखरच आहे, आणि प्रमाणपत्र ही तिची एक कडी. ती कडी कुठे धरते आणि कुठे निखळते, हे मला हिंडता हिंडता समजलं.

१. वही आधी शेतकऱ्याची, मग निरीक्षकाची

बेणं कुठून आणलं, बेणेप्रक्रिया कशाची केली, शेणखत किती गाड्या, फवारणी कोणत्या तारखेला, कशाची, दुकानाची पावती आहे का, काढणी कधी, ओली किती निघाली, वाळून किती राहिली. शेतकरी डायरीत हे सगळं लिहायचं असतं. पहिल्या वर्षी एका आबांनी मला विचारलं, "ताई, फवारा कवा मारला हे लिवून भाव वाढायलाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही वही म्हणजे तपासणीचा कागद समजत होते, आणि चुकीच्या तारखा दुरुस्त करून घेण्यातच माझा दिवस जायचा.

दुसऱ्या हंगामात मी त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांचीच वही त्यांना वाचून दाखवली. करप्यासाठी त्यांनी तीन वेळा तीन वेगवेगळ्या नावांची बुरशीनाशकं आणली होती. डबे अजून माळ्यावर होते. आम्ही ते उतरवले आणि बारीक अक्षरातला घटक वाचला. तिन्ही डब्यांत एकच घटक, फक्त वरची नावं निराळी. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाला हाक मारून म्हणाले, "ह्ये बारीक अक्षर वाचायला शीक."

त्यानंतर मी वही तपासायच्या आधी मोठ्याने वाचते. ज्या गटात शेतकरी आपली वही स्वतःसाठी वाचतो तिथे ती खरी असते. जिथे ती निरीक्षकासाठी भरली जाते तिथे सगळ्या पानांवर एकाच पेनाची, एकाच बैठकीतली शाई दिसते. ही शाई ओळखायला मला तीन वर्षं लागली.

२. रिकामी बाटली कुठे जाते, ते विचारा

प्रमाणीकरणाच्या यादीत एक प्रश्न असतो: औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं काय करता? आमच्या भागात हा प्रश्न त्याआधी कुणी कुणाला विचारला नसावा. बाटल्या विहिरीच्या काठी पडायच्या, पाटात वाहून जायच्या. काही घरांत धुऊन त्यात डिझेल ठेवलेलं मी पाहिलं आहे, आणि एका घरात गोडेतेल.

२०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. नदी ओलांडली की ते आमचंच पीक, तीच औषधं, तेच पंप. त्या वर्षी मी गावोगाव एकच गोष्ट शिकवली, बाटलीवरच्या चौकोनातला रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सरकारने हे रंग अक्षर न येणाऱ्यांसाठीच ठरवले आहेत, पण ते कुणी समजावून सांगितले नव्हते. फवारणारा माणूस बहुतेक वेळा शेतमालक नसतो, तो रोजंदारीवरचा गडी असतो. औषध मालक आणतो, कालवतो गडी. म्हणून बैठकीला मालकाबरोबर गडीही यायलाच हवा, असा नियम आम्ही केला. पहिल्या बैठकीला गडी दारात उभे राहिले. आत सतरंजीवर बसायला दुसरं वर्ष लागलं.

याच प्रश्नाला दुसरी बाजू आहे. कंदमाशीसाठी आमच्याकडे वर्षानुवर्षं क्लोरपायरिफॉस वापरतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२० मध्ये त्याची परवानगी काढून घेतली आणि मालातल्या अंशाची मर्यादा जवळपास शून्यावर आणली. गावातल्या दुकानात ते मिळत राहिलं. दुकानदार म्हणतो मारा, परदेशातला खरेदीदार म्हणतो मारू नका, आणि दोघांच्या मधे शेतकरी उभा. अशा वेळी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाशी एकदा समोरासमोर बोलणं हे शंभर पत्रकांपेक्षा उपयोगी पडतं. बेणं निवडून घेणं, उघडे पडलेले कंद वेळेवर मातीने झाकणं, चर काढून पाण्याचा निचरा करणं, यानेच माशी आणि कंदकूज बरीच आटोक्यात राहते, हे तिथे नीट समजावतात. उद्दिष्टांच्या भाषेत याला रसायनांचं जबाबदार व्यवस्थापन म्हणतात. आमच्या बैठकीत आम्ही विहीर आणि गडी एवढे दोनच शब्द वापरले, आणि ते पुरले.

३. पोत्यावर नंबर टाकल्याशिवाय पोतं हलवू नका

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आणि ती चूक अजून सलते.

एका वर्षी गटातल्या साठेक शेतकऱ्यांची सेंद्रिय हळद एकाच गोदामात गोळा केली. शिजवून, तळवटावर वाळवून, ड्रममध्ये पॉलिश करून आणलेली, कांडी वेगळी आणि गट्टू वेगळा. दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. प्रत्येक पोत्यावर शेतकऱ्याचा संकेतांक रंगवायचा असतो. रंग संपला होता, संध्याकाळ झाली होती, हमाल थांबायला तयार नव्हते. मी म्हटलं, असू द्या, सगळे आपलेच आहेत. माल चाळणीसाठी एकाच ढिगात ओतला गेला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुन्यात क्लोरपायरिफॉसचा अंश. मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायचा इतका बारीक, पण होता. सगळा लॉट सेंद्रिय म्हणून नाकारला गेला आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात साध्या भावाने विकावा लागला. साठ घरांची दोन-तीन वर्षांची वाट त्या एका ढिगात गेली. कुणाच्या पोत्यातून आलं हे सांगता येईना, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. दोन भावकीतल्या घरांनी पुढचं वर्षभर एकमेकांच्या दारात पाऊल टाकलं नाही.

आठ महिन्यांनी एक शेतकरी आपणहून माझ्या घरी आला. निंबोळी अर्क फवारायला त्याने शेजाऱ्याचा पंप मागून आणला होता. पंप धुतला होता, पण नळी आणि नोझल राहिलं. त्याने फसवणूक केली नव्हती, माहिती नव्हती एवढंच. पोत्यांवर नंबर असता तर त्याची आठ-दहा पोती बाजूला झाली असती, बाकीच्यांची घरं वाचली असती आणि त्यालाही आठ महिने हे ओझं वागवावं लागलं नसतं.

आता आमच्याकडे प्रत्येकाच्या मालातली अर्धा किलो हळद पिशवीत सील करून, संकेतांक लिहून, विक्री पूर्ण होईपर्यंत वेगळी ठेवतो. गटाचे पंप वेगळे, त्यांना हिरवा पट्टा. पुरवठा साखळीचा मागोवा हे शब्द मोठे आहेत. त्यांचा अर्थ मला एवढाच कळतो की दोष एकाचा असेल तर शिक्षा साठांना होऊ नये, आणि चांगलं काम एकाचं असेल तर ते साठांच्या ढिगात हरवू नये.

कापसात गोष्ट अजून वेगळी. बेटर कॉटनच्या पद्धतीत भारतातला पहिला कापूस २०१०-११ च्या हंगामात निघाला. ती सेंद्रिय नव्हे, तिथे बीटी वाणही चालतं, भर पाणी, माती, औषधं आणि मजुरांच्या हक्कांवर. पण अनेक वर्षं तिचा हिशेब वस्तुमान-संतुलनाचा होता, म्हणजे गिरणीने जितका असा कापूस घेतला तितक्याचा दावा पुढे जायचा. जिनिंगमध्ये आमचा कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळला तरी चालायचं. २०२३ च्या अखेरीस त्यांनी प्रत्यक्ष माल शोधता येईल अशी व्यवस्थाही सुरू केली. मला ती पटते. शेतकऱ्याला आपला कापूस कुठपर्यंत पोचला हे कळण्याचा हक्क आहे, शर्ट घेणाऱ्यालाही.

४. कुठली आणि कशी, हे दोन वेगळे प्रश्न

२०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला, पेढे वाटले. त्यानंतर बरेच शेतकरी म्हणू लागले की आता ते सेंद्रियचं झंझट कशाला. मानांकन सांगतं की ही हळद या मातीतली आहे. ती कशी पिकवली, पिकवणाऱ्याला काय मिळालं, हे ते सांगत नाही. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये ठेवा, पण एकाचं काम दुसऱ्याकडून मागू नका.

५. जिचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिच्यापर्यंत चालत जा

गटाच्या यादीत सातबाऱ्यावरचं नाव लागतं. माझ्या पहिल्या यादीत तीनशेच्या आसपास नावं होती आणि त्यातल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, बहुतेक विधवा. आणि हळद कुणाच्या हातातून जाते? बेणं निवडणं, लावणी, निंदणी, काढलेले कंद मोडून माती झटकणं, शिजल्यावर तळवटावर पसरणं, रोज उलथणं, वाळल्यावर वेचणं, सगळं बायकांचं. यादीप्रमाणे मी ज्यांना प्रशिक्षण देत होते ते लोक आणि प्रत्यक्ष हळद हाताळणारे लोक निराळे होते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली होती, बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करा म्हणून, आणि पुढे सरकारनेही पतीला सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहज लावता यावं अशी सोय केली. म्हणजे हा विचार आपल्याकडे स्त्री-पुरुष समानतेच्या पाचव्या उद्दिष्टाच्या पंचवीस वर्षं आधी आला. आमच्याकडे कागद मात्र तलाठ्याकडे जाऊन फारसा कुणी बदलला नाही. आम्ही गटात ठरवलं की सदस्याच्या वहीवर नवरा-बायको दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या हव्यात. जमीन त्याने तिची होत नाही, हे मला माहीत आहे. पण प्रशिक्षणाला ती येऊ शकते, आणि गटाचे पैसे आले की तिला आकडा कळतो.

मजुरीचं दुखणं याहून जुनं. आमच्याकडे एकाच शेतात बाईची हाजरी पुरुषाच्या हाजरीपेक्षा कमी असते आणि सगळ्यांना ते साहजिक वाटतं. मानकांत समान कामाला समान दाम हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. पहिली काही वर्षं मी तो प्रश्न विचारायचे, शेतकरी "देतो की" म्हणायचा आणि मी बरोबरची खूण करायचे. ती खूण खोटी होती. एका मावशीने मला तळवटाजवळ गाठून विचारलं, "तू मालकालाच इचारायलीस, मला कवा इचारशील?"

तेव्हापासून हाजरीचा प्रश्न मी हाजरी घेणारीला विचारते. उत्तरं वेगळी आली. काही शेतकऱ्यांच्या वह्यांवर मी शेरा लिहिला, दोघे गट सोडून गेले. बाकीच्यांनी काढणी उक्त्यावर द्यायला सुरुवात केली, वजनावर पैसे, बाई-पुरुष एकच दर. यातही खोच आहे, कारण उक्त्यावर पोरांनाही कामाला ओढतात. म्हणून जानेवारी ते मार्च शाळेचा पट तपासणं हेही माझ्याच कामात आलं.

आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा, २०१९ मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. साखरेच्या साखळीतही मानकं आहेत, प्रमाणपत्रं आहेत. पण तपासणी कारखान्याच्या गेटाशी थांबली, तर पालातल्या बाईचं दुखणं कुठल्याच रकान्यात येत नाही. हळदीतही ते तसंच होईल, आम्ही तळवटापर्यंत चालत गेलो नाही तर.

६. खोटा कागद खऱ्या शेतकऱ्याला आधी मारतो

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक चालवणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की भारतातून निघालेल्या सुमारे २० हजार टन सेंद्रिय कापसाचे व्यवहार दाखले बनावट होते. पुढच्याच वर्षी तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याच्या प्रकरणी युरोपीय संघाने पाच भारतीय प्रमाणीकरण संस्थांची मान्यता काढली. ज्यांनी असं काहीच केलं नव्हतं त्यांनाही नवी संस्था शोधावी लागली, पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा तपासणी. एका हंगामाचा माल पडून राहिला तर लहान गट मोडतो.

मला यात बांगलादेशची गोष्ट आठवते, कारण ती हळदीची आहे. तिथे पॉलिश करताना पिवळेपणासाठी शिशाचा क्रोमेट घालत. ढाक्याच्या आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेतापासून गिरणीपर्यंत साखळी धुंडाळून तो कुठे मिसळला जातो ते दाखवलं, सरकारने घाऊक बाजारात जागेवर तपासणी आणि दंड सुरू केला, लोकांना वर्तमानपत्रांतून सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नाही. गिरणी कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. तिथे कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं. साखळीतली नेमकी जागा शोधणं, जागेवर तपासणं आणि उघड बोलणं, एवढंच होतं. आमच्या कागदामागे या तीन गोष्टी नसतील तर तो कागद लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिशच्या ड्रममध्ये काय घालता हे मी आता प्रत्येक शेडवर विचारते.

७. प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे, ते पहिल्या दिवशी विचारा

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली वर्षायू पिकांना दोन वर्षं रूपांतरणाची. या काळात औषध-खत बंद, उत्पन्न कमी आणि भाव साधाच. परंपरागत कृषी विकास योजनेचं तीन वर्षांचं अनुदान काहींना मिळालं, काहींना नाही. आणि एवढं सोसून प्रमाणपत्र आलं की ते बहुतेक ठिकाणी खरेदीदार कंपनीच्या नावावर. शेतकऱ्याने तोच माल दुसरीकडे नेला की तो सेंद्रिय राहत नाही. जमीन त्याची, घाम त्याचा, आणि नाव परक्याचं.

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात हळदीचे भाव चढले तेव्हा आमच्या गटातले निम्मे लोक माल घेऊन सरळ मार्केट यार्डात गेले, यात मला आश्चर्य वाटलं नाही. हर्रासात जागेवर जास्त पैसे मिळत होते. कंपनीचा माणूस माझ्यावर चिडला. मी त्याला म्हटलं, भाव पडला तेव्हा तुम्ही करार आठवला नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये या कार्यक्रमाचे नियम बदलले आणि शेतकरी गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असावं ही अट आली. आम्ही शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवून प्रमाणपत्र तिच्या नावावर घेण्याच्या खटपटीत आहोत. शुल्क जड जातं. ज्यांना परदेशी विकायचंच नाही त्यांना मी सहभाग हमी पद्धत सुचवते. तिथे शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात आणि खर्च नावापुरता. माझ्या मते जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना तीच बरी.

८. बाहेरच्या निरीक्षकाला बाजेवर बसवू नका

निरीक्षक आला की निंबाखाली बाज टाकायची, चहा, वह्यांचा गठ्ठा पुढे, आणि दोन तासांत काम संपवायचं, ही आमची रीत. गेल्या मार्चमध्ये मी चहा तळवटावर मागवला. दुपारचे दोन वाजले होते. पंधरा बायका उन्हात हळद उलथत होत्या. निरीक्षक तरुण होता, दक्षिणेकडचा, मराठी येत नव्हती. त्याने माझ्यामार्फत विचारलं, कामात काय बदल हवा?

मला वाटलं मजुरी म्हणतील. कुणी बोलेना. मग त्याच मावशी, ज्यांनी मला कधीकाळी अडवलं होतं, म्हणाल्या, "सावली. बसायला नाही. पाणी प्यायला तरी."

त्याने वहीत लिहून घेतलं आणि अहवालात तेवढा एकच मुद्दा सुधारणेसाठी दिला. यंदा त्या तळवटाच्या कडेला हिरवी शेडनेट बांधली आहे, चार बांबूंवर. तिच्याखाली माठ आहे, आणि माठाशेजारी मावशींच्या नातीचं दप्तर. शाळा सुटल्यावर ती तिथे बसून गृहपाठ करते, आजीचं काम संपेपर्यंत.